कौलं बघायची तर आषाढात

पत्र थोडक्यात असं: बडोद्यातल्या एक वाचक भगिनी, वय चौपन्न. माहेरचं घर राजापूर तालुक्यात, खाडी समुद्राला मिळते तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, वय सत्तरीच्या पुढे. आईवडील गेले. आता तिथे चुलतभाऊ आणि वहिनी राहतात. ह्या भगिनी आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बडोद्यात. घर तिघांचं सामायिक. गेली तीन वर्षं छप्पर गळतंय आणि ह्या जूनच्या शेवटी पाणी थेट देवघरात आलं. वहिनींनी माजघरात मांडलेल्या भांड्यांचा व्हिडिओ पाठवला, तो पत्रासोबत आहे. चुलतभाऊ म्हणतात, कौलं उतरवून पत्रा घालू. धाकटा म्हणतो, स्लॅब टाका, एकदाच काय तो खर्च, निम्मे पैसे माझे. ह्यांना वाटतं, बाबांनी हौसेने घातलेली कौलं राहावीत, पत्र्याने घराचं गोडाऊन होईल. प्रश्न तीन: कायमचा इलाज कोणता? दादाला, म्हणजे चुलतभावाला, कसं समजवावं? आणि लग्न होऊन इतक्या लांब आलेल्या मुलीने ह्यात तोंड घालावं का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. घाला. वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. मात्र वाटा आला की बोलण्याच्या हक्काबरोबर खर्चही येतो, तेवढं धरून बोला.

आता तो व्हिडिओ. चाळीस सेकंदांचा आहे आणि मी तो सहा-सात वेळा पाहिला. पहिल्यांदा वहिनींच्या आवाजाकडेच लक्ष गेलं. त्या काहीच बोलत नाहीत, फक्त शेवटी ‘हे बघा’ म्हणतात. मग भांडी मोजली. अकरा. दोन बादल्या, पितळी परात, रंगाचा रिकामा डबा, टोप, एक घंगाळ, बाकी सटरफटर. त्यातली सात भांडी एका ओळीत आहेत, मागच्या भिंतीला समांतर, दोरी लावून मांडावी तशी. दोन देवघरापाशी. उरलेली दोन इकडेतिकडे.

कौलं म्हातारी झाली, फुटली, माकडांनी उचकटली, तर गळती कुठेही होते. भांडी विखुरलेली दिसतात. ओळीत गळतो तो सांधा. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य सहज येऊन जातं, ‘मागची पडवी दादाने दहा-बारा वर्षांपूर्वी वाढवली’. मला वाटतं, तुमच्या अकरातल्या सात भांड्यांचं कारण त्या वाक्यात आहे.

असं होतं. मूळ छपराचा उतार चांगला तीस-पस्तीस अंशांचा असतो. मागे आणखी आठ फूट जागा हवी म्हणून तेच छप्पर पुढे ओढलं, तर पागोळी डोक्याला लागेल इतकी खाली येते. म्हणून सुतार पुढच्या तुकड्याचा उतार कमी करतो. वरून सुसाट आलेलं पाणी त्या मोडावर येऊन मंदावतं. मंगलोरी कौल हे काही झाकण नव्हे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, वरचं खालच्यावर दोनतीन इंच चढतं आणि पाणी वाहतं राहिलं तरच ते आत येत नाही. उतार तीस अंशांच्या खाली गेला आणि नैर्ऋत्येची झड समोरून आली, की वारा पाणी उलटं वर ढकलतो आणि ते चढाच्या वरून आत उतरतं. कौल अगदी नवं असलं तरी. म्हणजे तुमच्या घरी गळतोय तो दादाने वाढवलेला उतार, आणि शिक्षा व्हायची चालली आहे सगळ्या कौलांना.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. बडोद्यात बसून व्हिडिओवरून छप्पर तपासता येत नाही. पण तुम्ही तिघे जो वाद घालताय तो ‘कौल की पत्रा की स्लॅब’ असा आहे, आणि कुठे गळतंय हे अजून कुणी वर जाऊन पाहिलेलंच नाही. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. दादांनी खालून पाहिलं असेल. खालून काही कळत नाही. पाणी वाशाला धरून सात-आठ फूट खाली सरकतं आणि गाठ लागली की तिथे टपकतं. भांडं जिथे आहे तिथे भोक नसतं.

म्हणून पहिली गोष्ट: बघायला मे महिन्यात जाऊ नका. आपण बडोदेकर गावी जातो ते आंब्याला, नाहीतर गणपतीला. मे महिन्यात सगळी छपरं उत्तम असतात. आत्ता जा, आषाढ सरायच्या आत. बडोद्याहून रत्नागिरीला थेट गाड्या आहेत. पावसाळी वेळापत्रकामुळे उशीर होईल, होऊ दे. धाकट्या भावाला बरोबर घ्या, त्याला तर नक्कीच. त्याने एक रात्र त्या भांड्यांच्या आवाजात झोपून पाहावी.

पाऊस जोरात असताना विजेरी घेऊन माळ्यावर चढा (तुम्ही नाही, भावाला चढवा) आणि जिथे थेंब पहिल्यांदा दिसतो त्या रिपेवर (कौलं जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवर) खडूने खूण करा. उघडीप मिळाली की दिवसा माळ्यावर अंधार करून वर पाहा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतील तिथली कौलं सरकलेली किंवा तडकलेली. मग एक डिसमिस घ्या. (म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. कोकणात पेचकस म्हणा, नाहीतर कुणी काही देणार नाही.) वासे जिथे भिंतीवर टेकतात, तिथे तो लाकडात दाबून पाहा. वाशाचं मधलं अंग बहुधा ठणठणीत असतं. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथे ओल बसते आणि वारा पोचत नाही. डिसमिस पाव इंचाच्या वर शिरला तर तो वासा गेला म्हणून समजा. अशी टोकं किती, हे मोजून वहीत लिहा. तुमच्या घराचा निर्णय त्या आकड्यावर आहे, बाबांच्या हौशीवर किंवा भावाच्या पैशावर नाही.

आता स्लॅबबद्दल, कारण निम्मे पैसे देणारा माणूस तिकडे झुकला आहे.

धाकट्याचं म्हणणं मला कळतं. ते अस्सल बडोदेकराचं म्हणणं आहे. आपल्याकडे छप्पर म्हणजे अगाशी. उन्हाळ्यात गाद्या टाकायची, पापड वाळवायची, उत्तरायणला दोन दिवस पतंग उडवायची जागा. आपल्याकडे वर्षाकाठी ९०-१०० सेंटिमीटर पाऊस पडतो, तेवढ्याला धाबं पुरतं. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी लोकांच्या घरात शिरली तेव्हाही पाणी खालून आलं होतं, वरून नव्हे.) रत्नागिरी जिल्ह्यात पडतो तो तीन मीटरच्या वर, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि त्यात हवेतलं मीठ. तिथे छपराचं काम पाणी अडवण्याचं नाही, पाणी लवकरात लवकर अंगावरून काढून देण्याचं आहे. सपाट स्लॅब पाण्याला बसायला पाट मांडतो.

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये काँक्रीट शिकवलं, तरी माझ्या सासरी दापोलीकडे १९९७ मध्ये स्वयंपाकघरावर स्लॅब पडला तेव्हा मी गप्प होते. सुटीपुरती गेलेली, कशाला बोला. कंत्राटदाराने वाळू खाडीची आणली होती. जिभेला लावून पाहिली असती तरी कळलं असतं. बारा वर्षांनी एका रात्री धाडकन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर परातीएवढा पोपडा पाट्या-वरवंट्यावर पडलेला आणि वरची सळई उघडी. बोटाने चुरडली तर पानाच्या काथासारखी भुकटी हातात आली. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा मागतं, आणि काँक्रीटला आतून फोडतं. मीठ हे काम फार वेगाने करतं. म्हणून भारतीय मानक ४५६ किनाऱ्याजवळच्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण मागतं. गावातल्या कामात ते आवरण राखायला सळईखाली बहुधा वीस मिलिमीटरचा तुकडा असतो, तोही असला तर.

मग वजन. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो, वर लाकूड. तुमच्या घराच्या भिंती सत्तर वर्षांपूर्वी चिऱ्याच्या आणि बहुधा मातीत रचलेल्या. त्यांच्यावर पाच-सहा पट ओझं ठेवायचं तर कॉलम उभे करावे लागतील, आणि कॉलम उभे करायचे तर ती दुरुस्ती राहत नाही, नवं घर होतं. ‘भिंतीवरच टाकून देऊ हो’ म्हणणारा भेटेल. त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

पाण्याचंही आहे. स्लॅबचं काम कोकणात एप्रिल-मेमध्ये निघतं, तेव्हाच विहिरी तळाला जातात. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी तेव्हा मचूळ होतं आणि त्याच पाण्याने स्लॅब भिजवला जातो. पहिल्या दिवसापासून मिठाचं लोणचं.

धाकट्याला हे सगळं सांगण्यापेक्षा एकच करा. गाडीत त्याला खिडकीशी बसवा आणि चिपळूणनंतर स्लॅबची घरं मोजायला सांगा. त्यातल्या किती घरांवर वर परत पत्र्याची शेड चढलेली आहे, तेही मोजायला सांगा. स्लॅबला घातलेल्या त्या टोप्या पाहिल्या की ‘एकदाच खर्च’ म्हणजे काय ते त्याचं त्यालाच दिसेल.

तर स्लॅब नको. ह्यावर माझं मत पक्कं आहे. न्हाणीघरावर पाण्याच्या टाकीपुरता छोटा तुकडा हवा असेल तर चालेल, चांगल्या वाळूचा.

पत्रा हा जास्त अवघड प्रश्न आहे, आणि इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

‘दादाला कसं समजवावं’ असं तुम्ही लिहिता. काय समजवायचंय? घराचं घरपण कौलांत आहे, हे? जो माणूस आषाढात मध्यरात्री उठून परात ओततो, त्याला? तुमच्या चार पानांत बाबांची कौलं सात वेळा आली आहेत, वहिनी दोनदा, त्यातही एकदा फक्त व्हिडिओ पाठवणाऱ्या म्हणून. दादांचं वय तुम्ही एकसष्ट लिहिलंय आणि गुडघेदुखीचंही. पूर्वी मृग लागायच्या आत शाकारणीला गडी यायचे, दोन दिवसांत कौलं चाळून, फुटकी बदलून, आढ्यावरचा चुना बघून जायचे. आता ते गडी मुंबईत, किंवा मोसमात आंब्याच्या बागेत, आणि जे आहेत ते वर चढायला तयार नाहीत. दादा पत्रा मागतात त्यात आळस नाही, चिक्कूपणाही नाही. मला कुणी मदतीला नाही, इतकंच ते सांगताहेत. तुम्ही ते छपराच्या आवडीनिवडीत ऐकलंत.

आणि ‘परंपरा’ म्हणाल, तर मंगलोरी कौल हीसुद्धा एके काळची आयात. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला, तिथून हे खाचेचं कौल किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे गेलं. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं, नाहीतर गवत. तुमच्या बाबांनी नळे उतरवून मंगलोरी कौलं चढवली असतील तेव्हा घरातल्या एखाद्या आत्याने नक्की नाक मुरडलं असेल. एक कौल उतरवून पालथं करून पाहा, कारखान्याचं नाव आणि गाव ठशात असतं. तुमचं कुठलं आहे ते मला कळवा. उगाच, मला आवड आहे.

पण पत्रा म्हणजे निर्वेध, असंही दादांनी समजू नये. साधा जस्ताचा पातळ पत्रा खाऱ्या हवेत काही वर्षांतच लाल होतो. घालायचाच तर ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला, वर रंग भाजलेला, अर्ध्या मिलिमीटरचा मागा, आणि लेप चौरस मीटरला किती ग्रॅम ते बिलावर लिहून घ्या. १५० असेल तर बरं. आधी सडतात ते स्क्रू, पत्रा नव्हे. स्क्रूखालचं रबर उन्हाने कडक होतं आणि तिथून थेंब सुरू होतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. मारणाऱ्याला खोलगटात मारणं सोपं जातं, म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांची भुकटी रंगावर बसते आणि पहिल्याच पावसात तिथे गंजाची देवी येते. खालचा सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा असेल तर त्याची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो.

आवाजाचं मी सांगत नाही, पत्र्याखाली आषाढातली एक दुपार काढली की समजेल. उकाड्याचंही. दोन्हीवर उपाय आहेत, पैसे पडतात.

आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, दापोलीलाही त्याने सोडलं नाही. आमची शेदोनशे कौलं गेली. मागच्या अंगणात जुनी रचून ठेवलेली होती म्हणून आठवड्यात परत चढली. शेजारच्यांचा पत्र्याचा अख्खा पाखा, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, सांगाड्यासकट उचलला गेला आणि माडाला गुंडाळला. पत्र्याने दगा दिला असं मी म्हणणार नाही. पत्रा सांगाड्याला घट्ट होता, सांगाडा भिंतीला नुसता टेकवलेला होता. छप्पर भिंतीला बांधलेलं हवं, कुठलंही असो. कौलांतही पागोळीच्या शेवटच्या दोन ओळी आणि आढ्यालगतची ओळ तारेने रिपेला बांधून घ्यावी. तारेसाठी कौलाला मागे भोक असतं, ते कुणी वापरत नाही.

मग तुम्ही काय करावं?

माळ्यावरच्या त्या डिसमिसच्या आकड्याकडे परत जा. वाशांची चारपाच टोकंच गेली असतील तर मूळ घरावर कौलं ठेवा. टोकांना आईन किंवा किंजळीच्या लाकडाचे तुकडे जोडून मिळतात, जाणता सुतार मिळाला पाहिजे. रिपा मात्र सगळ्या बदला. वाकलेल्या रिपेवर कौलाची खाच बसत नाही आणि मग तुम्ही नवी कौलं आणली तरी गळतं. नवी कौलं जुन्यांत मिसळू नका. साचे वेगळे असतात, खाच खाचेत बसत नाही. जुनी चांगली सगळी निवडून समोरच्या, ओटीकडच्या पाखीवर घ्या, नवी मागच्या बाजूला; बाबांची कौलं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील आणि गळणारही नाहीत. शेदोनशे वर ठेवा, मागे रचून.

वाढवलेल्या पडवीवरची कौलं काढा आणि तिथे पत्रा घाला. तिथला उतार कौलांचा नाहीच. पत्र्याला कमी उतार चालतो, आणि कौलांखाली तो हातभर आत घेतला की मोडावरचं पाणी थेट पत्र्यावर उतरेल. तुमच्या सात भांड्यांचा मला वाटतो तो उपाय इतकाच आहे. पडवी मागे आहे, रस्त्यावरून दिसत नाही, गोडाऊन दिसण्याची काळजी नको. दादांचं म्हणणंही राहिलं, आणि वर चढायचा निम्मा भाग कमी झाला.

देवघरावरच्या दोन भांड्यांचं कारण कदाचित वेगळं निघेल. तिथे काचेचं कौल आहे का, ते बघा. उजेडासाठी बसवलेल्या काचेच्या कौलाची कड जाड असते, शेजारचं कौल उचललेलं राहतं. आमच्याकडे तेच निघालं होतं.

वाशांची निम्म्याहून जास्त टोकं गेली असतील, तर ताई, कौलांचा हट्ट सोडा. तेवढं लाकूड आज घेणं म्हणजे नव्या घराचा खर्च, आणि चढणारं कुणी नाही ते नाहीच. मग सगळ्या घरावर चांगला पत्रा घाला, भिंतींवर काँक्रीटची पट्टी ओतून सांगाडा तिला बोल्टने बांधून. मन फारच खात असेल तर समोरच्या पाखीवर पत्र्याच्या वर रिपा मारून तीच कौलं पसरता येतात. पाणी पत्रा सांभाळतो, कौलं ऊन आणि आवाज सांभाळतात. हे मी शोभेसाठी म्हणून सुचवत नाही, पत्र्याखालचा उकाडा ह्याने खरंच कमी होतो. मात्र सांगाड्याचं वजन ठरवताना कौलं धरून ठरवा, मागाहून सुचलं असं नको.

कुठलाही मार्ग घेतलात तरी खालून प्लायवूडचं किंवा पीओपीचं छत मारून बंद करू नका. चूल होती तोवर धूर कौलांतून जायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि कीड लांब राहायची. गॅस आला, धूर गेला. आता निदान वारा तरी जाऊ दे. आणि ती निळी ताडपत्री, जी दादांनी आता घातली असेलच, ती ह्या मोसमापुरती ठीक. पुढच्या वर्षीही राहिली तर तिच्याखाली लाकूड उकडून मऊ होईल.

कामाची वेळ दिवाळीनंतरची. गणपतीला सगळे जमाल तेव्हा खडूच्या खुणा आणि वही समोर ठेवून ठरवा, दिवाळीच्या आत सुतार बांधून घ्या, शिमग्याआधी काम संपवा. मार्चनंतर माणसं आंब्यात असतात आणि शिमग्यात दादांना पालखीपुढे दुसरं काही दिसत नसेल. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, नावं कुणाची लागलेली आहेत ते बघा, आणि तिघांच्या सह्यांचा साधा कागद करा. तुमचं घर पंधरा मिनिटांवर आहे म्हणता, पण खाडीचा फाटा मागून जवळ येत असेल तर किनारा नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते, तेही तिथेच विचारून घ्या. आहे त्या जोत्यावर आहे तेवढीच दुरुस्ती असेल तर सहसा अडत नाही. पडवी आणखी वाढवायची किंवा माळ्याचा मजला करायचा म्हणालात की प्रश्न सुरू.

पैशाचं एक सांगते. धाकट्याचे ‘निम्मे एकदाच’ घेऊ नका. कामाचा खर्च तिघांत वाटा, पण त्यावर तुम्ही आणि तो मिळून दरवर्षी एक ठरावीक रक्कम अक्षय तृतीयेला दादांच्या खात्यात घाला, छपरासाठी. कौलं असोत की पत्रा, मृगाआधी कुणीतरी वर जाऊन पानं काढायची, पन्हळ साफ करायची, स्क्रू आवळायचे, दहावीस कौलं बदलायची. ह्याला मजुरी लागते आणि माणूस शोधायला वेळ लागतो. तुम्ही पत्रात ‘कायमचा इलाज’ विचारलात. त्या किनाऱ्यावर तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. दरवर्षी वर चढणाऱ्या माणसाची सोय, हाच तिथला इलाज, आणि तो तुम्हाला बडोद्यातून करता येण्यासारखा आहे. ज्यांची माहेरं-आजोळं कोकणात आणि घरात एखादंच म्हातारं जोडपं उरलं आहे, त्यांचीही पत्रं मला येतात. सगळ्यांना मी हेच विचारते: वर कोण चढणार? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कौल-पत्र्याच्या भावाची चौकशी करू नका.

शेवटचं मत वहिनींना द्या. तिघांचं एकमत झालं नाही तर त्यांचं चालेल, असं आधीच ठरवून टाका आणि त्यांच्यासमोर बोला. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित त्यांना पत्र्याचा आवाज नको असेल, कदाचित त्यांना आणखी काही वेगळंच हवं असेल, स्वयंपाकघरात उजेड, वगैरे. आजवर कुणी विचारलं नसावं.

आणि जाताना आपल्या बडोद्याची भाकरवडी न्या, पण दुकानाच्या पाकिटात नको. घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. तिथल्या हवेत तासाभरात सादळते.